एकचाकीचा मुक्काम

मागच्या दोन लेखांत इलेक्ट्रिक युनिसायकलवर तोल कसा साधायचा ते लिहिलं होतं. मला वाटलं, आता प्रश्न येतील ते पडण्या-धडपडण्याबद्दल. आले ते वेगळेच. बडोद्याच्या एका मैत्रिणीने विचारलं, "आमच्या वाड्याच्या ओट्याला चार पायऱ्या आहेत. चाक रोज आत कसं घ्यायचं?" ग्वाल्हेरच्या एकाला भाजी घेताना ते उभं कुठे करायचं याची काळजी होती. बेळगावच्या एका काकूंनी मुलाच्या वतीने सरळ विचारलं, "एवढी बॅटरी घरात ठेवायची म्हणजे भीती नाही ना रे?"

तिन्ही प्रश्न बरोबर आहेत. चालवणं महिन्याभरात जमतं. रोजच्या वापरात खरी परीक्षा सुरू होते ती चाकावरून उतरल्यावर.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात: एकच चाक, त्याच्या दोन बाजूंना पाय ठेवायला दोन पेडल, मोटर चाकाच्या तुंब्यातच. आतले सेन्सर कल ओळखतात. पुढे झुकलात की चाक पुढे जातं, मागे झुकलात की ब्रेक लागतो. हँडल नाही, सीट नाही. अमेरिकेत शेन चेन यांनी २०११ च्या सुमारास 'सोलोव्हील' नावाने हे बाजारात आणलं. आज इनमोशन, किंगसाँग, बिगोडे, लीपरकिम या चिनी कंपन्यांची चाकं जगभर चालतात. माझं इनमोशनचं व्ही ८ आहे, १६ इंची, वजन साधारण १४ किलो, बॅटरी ४८० वॉट-अवर. बंगळूरच्या एका इंजिनिअरकडून जुनं घेतलं आणि गाडीत घालून हैदराबादला आणलं. विमानाचा विचार करायचाच नाही. प्रवाशाला विशेष परवानगीनेसुद्धा १६० वॉट-अवरपर्यंतचीच बॅटरी नेता येते, आणि ही त्याच्या तिप्पट. परदेशातून येणाऱ्या मामाला "येताना एक चाक घेऊन ये" असं सांगू नका.

आता मुख्य अडचण. हे यंत्र धड गाडी नाही आणि धड सामानही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत बॅटरीवरच्या ज्या दुचाकींना नोंदणी लागत नाही, त्यांची मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असावा लागतो. माझ्या चाकाची मोटर ८०० वॅटची आहे आणि ते ताशी ३० पर्यंत जातं. म्हणजे त्या सवलतीत ते बसत नाही, आणि नंबर प्लेट लावायला त्याला जागाही नाही. म्हणून मी ते मोठ्या रस्त्यावर नेत नाही. सोसायटीचे आतले रस्ते आणि ऑफिसचं आवार, एवढंच त्याचं राज्य. पण तेवढंही रोजच्या उपयोगाला पुरेसं आहे. आमच्या कोंडापूरच्या सोसायटीत घरापासून दूध-भाजीचं दुकान सहाशे मीटरवर, आणि ऑफिसच्या आवारात गेटपासून आमची इमारत सव्वा किलोमीटरवर. मधलं अंतर आम्ही चौघे एकाच्या गाडीतून जातो. चाक डिकीत.

ते पहिल्यांदा घेऊन आलो तेव्हा आमच्या वॉचमनने चहूबाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "साब, ये सूटकेस चलती क्या?" मी चालवून दाखवलं. तो म्हणाला, "चलती तो है, मगर खडी कां करते?" दोन मिनिटांत त्याने नेमका मुद्दा पकडला.

कारण हे चाक स्वतःहून उभं राहत नाही. बंद केलं की आडवं होतं. चालू असताना पुढे-मागे तोल ते स्वतः धरतं, पण डावी-उजवीकडे नाही. चालू ठेवून सोडलंत तर ते कलंडतं आणि पडतापडता चाक जोरात गरगरतं. कल फार वाढला की मोटर आपोआप बंद पडते, पण तेवढ्या क्षणात पेडल एखाद्याच्या नडगीवर बसू शकतं. जवळ लहान मूल असेल तर विचारच नको. त्यामुळे माझा एकच शिरस्ता आहे: उतरलो, बटण दाबून बंद केलं, मग हात सोडला. भाजीवाल्याकडे दोन मिनिटं थांबायचं असलं तरी हाच क्रम. मोठ्या मॉडेलांपैकी काहींना स्टँड मिळतो, इनमोशनच्या व्ही ११ ला तर तो मुळातच आहे. आमच्यासारख्यांना भिंत शोधावी लागते.

भिंतीलाही रीत आहे. टायर भिंतीला समांतर ठेवायचा, पेडल मिटून घ्यायची आणि चाक भिंतीकडे अगदी थोडं कलतं करायचं. जास्त कललं तर गुळगुळीत फरशीवर टायर बाहेर सरकतो. ऑफिसमधल्या चकचकीत ग्रॅनाइटवर हे हमखास होतं, म्हणून टायरखाली रबरी पायपुसणं टाकतो. खांबाला टेकवू नये, कारण गोल खांबाला टेकायला एकच रेघ मिळते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागला की चाक निसटतं. काचेच्या दाराला तर नाहीच नाही.

घरासाठी सुताराकडून स्टँड करून घेतला. खाली फूटभर लांब-रुंद जाड प्लाय, त्यावर दहा सेंटिमीटर उंचीच्या दोन लाकडी पट्ट्या उभ्या, मधे ६० मिलिमीटरची खाच. माझा टायर सव्वादोन इंचांच्या आतला आहे, त्यामुळे तो खाचेत नेमका उतरतो. सुताराने आधी मला तुळशीवृंदावनाचा पाट हवाय असं समजून कडेला नक्षी काढायची तयारी दाखवली होती. ऑनलाइन तयार स्टँडही मिळतात, पण खाचेची रुंदी आपल्या टायरला जुळली नाही तर ते शोभेचे ठरतात. आधी टायर मोजा.

चोरीबद्दलही विचारणा होते. मोबाइल ॲपवरून चाक लॉक करता येतं. मग कोणी ढकललं तर ते ओरडतं आणि विरोध करतं. पण १४ किलोची वस्तू कोणी उचलूनच नेली, तर ते ओरडत ओरडत जाईल, एवढाच फरक. हँडलमधून केबल-लॉक घालता येतं, पण हँडलचा बराचसा भाग प्लॅस्टिकचा. दुकानाच्या दारात दोन मिनिटांसाठी लॉक ठीक आहे. सेलरमध्ये, स्कूटरच्या रांगेत रात्रभर ठेवायला मी कधीच तयार होणार नाही. ज्याला नजरेआड ठेवता येत नाही, त्याला बरोबर घेऊन फिरावं लागतं. म्हणून पुढचा प्रश्न वजनाचा.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. टाकीचं वजन सोडून द्या, आतल्या गॅसएवढं माझं चाक. आकडा ऐकायला काही वाटत नाही. आमची लिफ्ट बंद असते तेव्हा तिसऱ्या मजल्यापर्यंत, पाठीवर लॅपटॉप आणि दुसऱ्या हातात दुधाच्या पिशव्या घेऊन चढताना मात्र त्यातला प्रत्येक किलो आपली ओळख करून देतो. चाक घ्यायच्या विचारात असाल तर आधी एक प्रयोग करा. मजबूत पिशवीत दहा किलो तांदूळ आणि चार किलो डाळ भरा, ती एका हाताने उचला आणि आपल्या घराचा जिना दोनदा चढा-उतरा. पिशवी पायाला लागू द्यायची नाही, कारण चाकाचा टायर चिखलाचा असतो. हे जमलं तर १४ किलोचं चाक तुमचं. मग कोणी सांगेल, "अरे, थोडं मोठं घे, जास्त लांब जातं." जातं, खरंच जातं. किंगसाँगचं १६ एक्स साधारण २४ किलोचं आहे, म्हणजे आपल्याकडच्या सोना मसुरीच्या मोठ्या गोणीएवढं. लीपरकिमचं शर्मन तर ३५ किलोच्या घरात. ज्यांचं घर तळमजल्यावर आहे आणि रोजचं अंतर मोठं आहे, त्यांच्यासाठी ती उत्तम. जिना असलेल्या घरात तेवढी मोठी बॅटरी म्हणजे रोजची हमाली. माझं मत विचाराल तर आधी जिना मोजावा, मग किलोमीटर.

सपाट जमिनीवर मात्र उचलावं लागत नाही. ट्रॉली बॅगेसारखा दांडा वर ओढायचा आणि चाक चालूच ठेवून बरोबर चालायचं. दांडा जरा पुढे कलवला की ते स्वतःच्या जोरावर येतं, पाळलेल्या कुत्र्यासारखं. उचलायच्या वेळी काळजी घ्यावी लागते. चालू चाक जमिनीवरून उचललं की टायरला रोध राहत नाही आणि तो पिसाटल्यासारखा फिरतो. व्ही ८ मध्ये यासाठी हँडलच्या खालच्या बाजूला एक बटण दिलंय. उचलताना बोटाने ते दाबलं की मोटर तेवढ्यापुरती थांबते. जुनं चाक विकत घेताना हे बटण चालतं का ते आवर्जून तपासा. रंग-ओरखडे नंतर पाहा.

डिकीत चाक उभं ठेवत नाही, आडवं ठेवतो, खाली जुनी सतरंजी आणि वरून पट्टा. मित्रांच्या बॅगा टायरच्या बाजूला येऊ नयेत म्हणून टायरला गोणपाटाची पिशवी. ते तिघे रोज आपल्या गाडीत हे सहन करतात, तेव्हा चिखल आपला, पुसायचं फडकंही आपलं. मेट्रोत मी चाक नेत नाही. सकाळच्या गर्दीत माणसाला उभं राहायला जागा नसते, तिथे लोकांच्या घोट्यांजवळ एक चिखली टायर कशाला? शिवाय बॅटरीच्या वस्तूबद्दल प्रवेशद्वारावर रोज नव्या माणसाला पटवून द्यायचं, त्यापेक्षा मित्राची डिकी बरी. आणि एक गोष्ट हैदराबादकरांनी, इंदूरकरांनी, बडोदेकरांनी सगळ्यांनीच लक्षात ठेवावी: एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत चाक ठेवून जाऊ नका. लिथियम बॅटरीला ती भट्टी मानवत नाही.

आता काकूंचा प्रश्न. त्यावर आमच्या घरातही चर्चासत्र झालं होतं.

आमच्या घरात पाच माणसं. आजीचं वय ८४, ती वॉकर घेऊन चालते. चाक आलं त्या दिवशी त्याला सर्वांत सोयीची जागा दिसली ती दाराजवळची: चपलांच्या कपाटाशेजारी, प्लगही तिथेच. येता-जाता उचलायला सोपं, चिखल आत येत नाही. स्टँड अजून आला नव्हता, तेवढ्यात बाबा तिथे येऊन उभे राहिले. त्यांनी चाकाकडे पाहिलं नाही, दाराकडे पाहिलं.

"आईचा वॉकर इथून जातो का ते बघ आधी."

जात होता. चाक तिथे असताना इकडे-तिकडे दोन-दोन बोटं उरत होती.

"आणि याने पेट घेतला तर आपण सगळे कुठून बाहेर पडायचं?"

मी सांगू लागलो की चांगल्या कंपनीची बॅटरी असते, आत संरक्षणाचं सर्किट असतं, शक्यता फार कमी असते. सगळं खरं होतं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शक्यता कमी आहे ना, मग कमी शक्यतेच्या दिवशी दार मोकळं असू दे." आजी आतून म्हणाली, "अरे, त्याला माझ्या खोलीत ठेवा. मी राखण करीन." त्यावर बाबा जे म्हणाले ते इथे छापण्यासारखं नाही.

बाबांचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या पक्का आहे. लिथियम बॅटरी बिघडली तर ती हळूहळू धुमसत बसत नाही. धूर फार लवकर कोंडतो आणि तो विषारी असतो. बॅटरी खरी धोक्याची कधी, तर चार्जिंगच्या वेळी, पडून आत इजा झाल्यावर, किंवा पाणी शिरल्यावर. म्हणून जागा निवडताना पहिला नियम: घराबाहेर पडायचा एकमेव रस्ता तिच्या पलीकडे असता कामा नये. दारातला पॅसेज नको, जिन्याखालचा कोनाडा नको. आमच्या इमारतीत अनेकांना तो कोनाडा मोह घालतो, पण आग लागली तर जिनाच चिमणी होतो आणि वरच्या सगळ्या मजल्यांचा रस्ता बंद होतो.

घरभर फिरून शेवटी हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराजवळचा कोपरा ठरला. मुख्य दार विरुद्ध बाजूला, पडदा दुसऱ्या टोकाला ओढून बांधलेला, वर कपाट नाही. खाली तांडूरची फरशी टाकली, त्यावर सुताराचा स्टँड. बाल्कनीतच का नाही? पश्चिमेचं ऊन आणि पावसाची झड दोन्ही तिथे येतं. वॉशिंग मशीनच्या जागेत का नाही? पाणी. चार्जिंगची वेळ आईने ठरवली: संध्याकाळी, सगळे जागे असताना, हॉलमध्ये माणूस असताना. झोपताना प्लग काढलेला. बाहेरून आलं की अर्धा तास निवू द्यायचं, मग चार्जर लावायचा. चार्जर कंपनीचाच, भलता स्वस्तातला नाही. चार-पाच तासांत बॅटरी भरते, आणि माझं रोजचं अंतर पाहता एक दिवसाआड लावला तरी भागतं. चाक जोरात आपटलं असेल, वास येत असेल, नेहमीपेक्षा जास्त तापत असेल, तर त्या दिवशी चार्जिंग नाही आणि मुक्काम घराबाहेर, मोकळ्या जागी.

तर काकू, उत्तर असं: भीती बाळगून बसायचं कारण नाही, पण जागेवर वाद घालायचा हक्क घरातल्या सगळ्यांना द्या. चालवणारा एकटाच असतो, राहतात सगळे.

ऑफिसात हीच चर्चा कागदावर झाली. व्यवस्थापन विभागाला मेल करून वजन, बॅटरी, बंद असताना कसं राहतं, सगळं कळवलं. आठवड्याने उत्तर आलं: डेस्कखाली ठेवा, ऑफिसात चार्ज करू नका. मला दोन्ही मान्य. मेलची प्रिंट बॅगेत असते, कारण सिक्युरिटीची ड्यूटी बदलली की नवा माणूस अडवतो, आणि अडवलंच पाहिजे त्याने.

राहिला साज-शृंगार. तरुण मंडळींना यातच जास्त रस असतो, रंगीत दिवे वगैरे. मला विचाराल तर सर्वांत मोलाची वस्तू आहे ती हवा भरायच्या व्हॉल्व्हला लावायची वाकडी नळी. युनिसायकलचा व्हॉल्व्ह कवचाच्या आत असा दडलेला असतो की पंक्चरवाल्याच्या हवेचं तोंड तिथे पोचत नाही. तो दोनदा प्रयत्न करतो, मग आपल्याकडे असं बघतो की जणू आपणच हे यंत्र बनवलंय. काटकोनात वळलेली ही छोटी नळी लावली की सायकलच्या साध्या पंपाने घरी हवा भरता येते. पंक्चर काढायला कवच उघडावं लागतं, म्हणून ट्यूबमध्ये आधीच सीलंट घालून ठेवलंय.

कव्हर आईने शिवलं. जुन्या सोफ्याचं रेक्झिन, आत योगाच्या फाटक्या चटईचा थर, कडेला वेल्क्रो. चाक पडलं की कवचाच्या कडा पहिल्यांदा फुटतात, आणि सुटे भाग मागवायचे म्हणजे महिनाभर वाट पाहणं. हे कव्हर कडा वाचवतं आणि डिकीत मित्रांच्या बॅगाही. चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण ढिलं झालं असेल तर लगेच बदला, पाणी शिरायची ती पहिली वाट. मागच्या मडगार्डला सायकलवाल्याकडून रबराची पट्टी जोडून घेतली. नाहीतर पावसाळ्यात पाठीवर उभी चिखलरेघ येते आणि ऑफिसातले लोक दिवसभर ती मोजतात.

चाकाचा दिवा गुडघ्याच्याही खाली असतो. समोरून येणाऱ्याला तो रस्त्यावर पडलेल्या टॉर्चसारखा दिसतो. त्यामुळे हेल्मेटवर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. हँडल नसल्याने घंटा लावायला जागा नाही. मी बॅगेच्या पट्ट्यावर शिट्टी बांधली आहे, आणि सोसायटीतल्या मुलांना ती फार आवडते, हा एक तोटा. मनगटाचे गार्ड हेल्मेटइतकेच महत्त्वाचे, कारण पडताना माणूस हात पुढे टाकतोच, आणि माझी रोजी-रोटी की-बोर्डवर आहे. भाजी पाठीवरच्या बॅगेत, छातीवरचा पट्टा लावून. हातातली पिशवी हेलकावते आणि तिच्याबरोबर चाकही. ट्रॉलीच्या दांड्याला पिशवी अडकवणारे लोक पाहिलेत. कोथिंबीर टायरमध्ये जाते.

बडोद्याच्या मैत्रिणीचे चार पायऱ्यांचे उत्तर राहिलं. तिथे उचलायचीही गरज नाही. साधारण सहा फूट लांब, फूटभर रुंद जाड फळी घे, वर खरखरीत रबर ठोकून घे म्हणजे टायर घसरणार नाही. फळी ओट्यावर टेकव, तू स्वतः शेजारच्या पायऱ्यांवरून चढ, आणि ट्रॉलीचा दांडा धरून चालू चाक फळीवरून हळूहळू वर घे. मोटर त्याचं वजन ओढते, तुला फक्त तोल धरायचा. ओटा दोन फुटांपेक्षा उंच असेल तर फळी आणखी लांब लागेल, नाहीतर चढ फार उभा होतो. फळी मात्र रोज आत घे, नाहीतर शेजारचे तिच्यावर पापड वाळत घालतील आणि मग मागायची चोरी होईल.